'आय कन्कर' की 'आय ॲम कन्कर'? आणि फॉर्मवर 'कन्कर्ड बाय' असेल तर तिथली सही म्हणजे नक्की काय?

वेण्णाकाठ, सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, इथंच एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, दीड वर्ष झालं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, डिप्लोमाला इंग्लिश आलं पण ते पुस्तकापुरतं, त्यामुळं मेल लिहायची वेळ आली की अजून हात थांबतो. तर झालं असं की मागच्या आठवड्यात कस्टमरनं ड्रॉइंगमध्ये एक बदल सुचवला, बदल खरंच चांगला होता, मी उत्तरात लिहिलं 'आय ॲम कन्कर टू युवर सजेशन'. अग्री रोजचंच झालं म्हणून जरा वजनदार शब्द घेतला, तो पण मनानं नाही, आमच्याच जुन्या मेलमधनं, एका सीनिअर साहेबांनी वापरलेला. दोन तासांनी दुसऱ्या एका साहेबांनी सगळ्यांना कॉपीत ठेवून लिहिलं की इंग्लिश जमत नसेल तर मेल पाठवायच्या आधी दाखवून घेत जा. कस्टमर पण कॉपीत. आणि चूक काय ते कुठंच सांगितलं नाही. लय लागलं मनाला. चूक दाखवली असती तर मी जन्मभर लक्षात ठेवली असती, नुसतं चारचौघांत बोलून माणूस काय शिकणार?

नेटवर बघितलं तर कन्कर म्हणजे सहमत असणे एवढंच मिळालं. मग 'मी सहमत आहे' म्हणजे 'आय ॲम कन्कर' झालं की नाही? यात चुकलं काय?

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त अडचणीची आहे. आमच्याकडं डिव्हिएशन नोट म्हणून एक फॉर्म असतो, एखादा लॉट ड्रॉइंगच्या मापाबाहेर गेला आणि तरी पुढं पाठवायचा असेल तर तो भरतात. त्यात खाली चार रकाने, प्रिपेअर्ड बाय, चेक्ड बाय, कन्कर्ड बाय, अप्रूव्ड बाय. या महिन्यापासून तिसऱ्या रकान्यात माझी सही लागते. सध्या एक नोट टेबलवर आहे, २४० पीस, बोअर म्हणजे पार्टमधलं गोल भोक, त्याचं माप पंचवीस एच सेव्हन म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर पाहिजे, नोटमध्ये लिहिलंय २५.०३० पर्यंत आहे, चालवून घ्या. प्रॉडक्शनवाले म्हणतात वरच्यांनी ठरवलंय, तुझी सही नुसती फॉर्मॅलिटी. मग 'कन्कर्ड' म्हणजे मला फक्त कळवलं असं आहे, की मी हो म्हटलं असं आहे, की मी तपासलं असं आहे? नोट बुधवारी द्यायची आहे. जाणकारांनी जरा सांगा.


विश्रामबागची बाई, सांगली

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी एक सांगते, ज्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललं आणि चूक दाखवली नाही त्यांनी शिकवण्याचं अर्धंसुद्धा काम केलं नाही, ते मनातून काढून टाका. तुमची चूक अगदी सरळ आहे आणि ती तुमच्या एकट्याची नाही, मी एकतीस वर्षांत प्रत्येक वर्गात ती तपासली आहे.

मराठीत आपण 'मी सहमत आहे' म्हणतो. यात सहमत हे विशेषण आहे, आणि क्रियापदाचं काम 'आहे' करतं. मी आनंदी आहे, मी तयार आहे, तसंच मी सहमत आहे. इंग्रजीत मात्र अग्री हेच क्रियापद आहे, कन्कर हेही क्रियापदच आहे. त्यांना 'आहे' लागत नाही. 'मी जातो' याला तुम्ही 'आय ॲम गो' म्हणाल का? नाही म्हणणार, कारण 'जातो' हे क्रियापद तुम्हाला दिसतं. सहमतमध्ये ते दिसत नाही म्हणून हात आपोआप 'ॲम' लिहितो. मुलांना मी सांगायचे की मनात 'मी सहमत आहे' येऊच देऊ नका, त्याऐवजी 'मी मानतो' म्हणा आणि मग इंग्रजी करा. 'मी मानतो', आय अग्री. 'आहे' गेलं की 'ॲम' जातं.

दुसरी चूक 'टू' ची. कन्करच्या पुढे माणूस किंवा मत आलं तर 'विथ'. आय कन्कर विथ यू, आय कन्कर विथ युवर सजेशन. अख्खं वाक्य जोडायचं असेल तर 'दॅट'. वी कन्कर दॅट द ड्रॉइंग नीड्स अ चेंज. काही जोडायचं नसेल तर नुसतं आय कन्कर, पूर्णविराम, तेही पूर्ण वाक्य आहे. 'कन्कर इन' असंही दिसतं पण ते मुख्यतः कोर्टाच्या निकालात.

आणि ते 'आय कन्कर टू डू' असं करू नका हं. मी अमुक करायला तयार आहे, कबूल आहे, असं म्हणायचं असेल तर तिथं अग्रीच लागतं. वी अग्री टू सेंड द सॅम्पल्स. कन्कर म्हणजे मत जुळणं, काम करायचा शब्द देणं त्यात येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, सहीचा. त्यासाठी या शब्दाचं मूळ बघा, मला ते फार आवडतं. लॅटिनमध्ये 'कुरेरे' म्हणजे धावणे, आणि 'कॉन' म्हणजे एकत्र. कन्कर म्हणजे एकत्र धावत येऊन मिळणे. करंट, कोर्स, कुरिअर, संगणकावरचा कर्सर, ही सगळी त्या धावण्याचीच लेकरं. अग्रीचं मूळ वेगळं आहे, ते जुन्या फ्रेंचमधून आलं आणि त्यात पसंत पडणे, मनाला रुचणे असा भाव होता. म्हणजे अग्री करताना तुमची गोष्ट मला पटली. कन्कर करताना मीही माझ्या वाटेने चालत आलो आणि त्याच जागी पोचलो.

तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला हे पुस्तक उघडून समजावायची गरजच नाही. माहुलीला जाऊन उभे राहा. कृष्णा महाबळेश्वराहून वाईवरून येते, वेण्णा महाबळेश्वराहूनच पण मेढ्याच्या बाजूने येते, दोघी आपापलं पाणी घेऊन येतात आणि तिथं एक होतात. आमच्याकडे हरिपूरला कृष्णा आणि वारणा तशाच. कराडला तर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. कन्कर हे असं आहे. ज्या नदीला स्वतःचं पाणीच नाही तिचा संगम कसा होणार? तुमचं पाणी म्हणजे तुम्ही स्वतः घेतलेलं माप. ते न घेता त्या रकान्यात सही केली तर शब्द खोटा पडतो असं माझं मत आहे.


कोर्टरोड

बाईंनी अगदी मुद्द्याला हात घातला. मी सांगलीत वकिली करतो, आमच्याकडे हा शब्द रोजचा आहे आणि आमच्याकडे तो बाई म्हणतात त्याच अर्थाने चालतो.

खंडपीठात एका न्यायाधीशाने निकाल लिहिला, दुसऱ्याला तो पूर्ण पटला तर तो खाली आय अग्री लिहून सही करतो. निकाल मान्य पण कारणं स्वतःची मांडायची असतील तर तो वेगळं निकालपत्र लिहितो, त्याला कन्करिंग ओपिनियन म्हणतात. २०१७ चा प्रायव्हसीचा निकाल घ्या, पुट्टस्वामी केस. नऊ न्यायाधीश, नऊच्या नऊ एका बाजूला, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सगळ्यांचं एकमत, तरी निकालपत्रं किती, तर सहा. प्रत्येकाने आपापल्या रस्त्याने येऊन तेच सांगितलं. संगम म्हणा की.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे नुसतं कळवलं की हो म्हटलं, याला तर आपल्या देशात केवढा इतिहास आहे. घटनेच्या कलम १२४ मध्ये लिहिलंय की सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करायची, इंग्लिशमध्ये कन्सल्टेशन. आता सल्ला घेतला आणि मानला नाही तर चालेल का? १९८१ मध्ये पहिल्या जजेस केसमध्ये कोर्ट म्हणालं, चालेल, कन्सल्टेशन म्हणजे कन्करन्स नव्हे. १९९३ मध्ये दुसऱ्या जजेस केसमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं, सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिलं, म्हणजे कन्सल्टेशनला जवळजवळ कन्करन्सचं वजन आलं, आणि आज आपण जी कॉलेजियम पद्धत म्हणतो, म्हणजे सरन्यायाधीश आणि वरिष्ठ न्यायाधीशांनीच नवीन न्यायाधीशांची नावं सुचवायची, ती तिथून उभी राहिली. न्यायाधीश कोण नेमणार हा एवढा मोठा प्रश्न या दोन शब्दांमधल्या फरकावर फिरला. तेव्हा कोणी तुम्हाला म्हणत असेल की कन्कर्ड म्हणजे फॉर्मॅलिटी, तर त्याला शब्दाची किंमत माहीत नाही.

माझा सल्ला वकील म्हणून. तुम्ही कन्कर्ड बाय खाली सही केली आणि उद्या तो पार्ट कुठं फेल गेला तर कागद काय बोलतो, की या माणसाने स्वतंत्रपणे बघितलं आणि सहमती दिली. वरच्यांनी ठरवलं होतं हे तुम्ही तोंडी सांगाल, पण तोंडी सांगितलेलं सिद्ध कुठून करणार? फक्त बघितलंय असं म्हणायचं असेल तर त्याला वेगळे शब्द आहेत, सीन, किंवा नोटेड. ते लिहून तारीख टाका. सहमती नसेल तर नाही म्हणा पण कारणासकट लेखी म्हणा.


टिपणीकार

मी झेडपीत आहे, कुठल्या ते राहू दे. आमच्याकडं पण हे अगदी असंच. एखादा जीआर उघडून बघा, पैशाचा विषय असेल तर शेवटाकडं एक वाक्य हमखास असतं, 'हा शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने व त्यांच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये निर्गमित करण्यात येत आहे'. ही जी सहमती ती इंग्लिश फायलीत कन्करन्स. ती मिळाल्याशिवाय फाइल पुढं हलत नाही. वित्त विभागाला योजना आवडली का नाही हा प्रश्नच नसतो तिथं, त्यांनी त्यांच्या बाजूनं आकडे बघितले, तरतूद बघितली आणि मग सहमती दिली. आणि योजना त्यांची नसतेच, मूळ विभागाचीच राहते.

फायलीवर आपल्याकडं पायऱ्या असतात बघा, 'माहितीस्तव सादर' वेगळं, 'अभिप्रायार्थ' वेगळं, 'सहमतीसाठी' वेगळं, 'मान्यतेस्तव' वेगळं. नवीन पोरं सगळीकडं मान्यतेस्तवच लिहितात, मग साहेब फाइल परत टाकतात. तुमच्या फॉर्मवरचे चार रकाने तसेच लावून बघा. प्रिपेअर्ड म्हणजे टिपणी ज्यानं मांडली, चेक्ड म्हणजे ज्यानं आकडे ताडले, कन्कर्ड म्हणजे दुसऱ्या खात्याची सहमती, अप्रूव्ड म्हणजे ज्याला अधिकार त्याची मंजुरी. प्रॉडक्शनची नोट, त्यावर क्वालिटीची सहमती, म्हणजे खातं वेगळं म्हणूनच तर तुमचा रकाना ठेवलाय. दोन्ही सह्या एकाच खात्याच्या मनानं होणार असतील तर रकानाच कशाला पाहिजे होता?

मंजूर शब्दाचं पण सांगतो, आमच्या एका जुन्या हेडक्लार्कनं सांगितलं होतं आणि मी नंतर शब्दकोशात बघितलं, बरोबर निघालं. मंजूर हा अरबीतनं आलेला शब्द, नजर आणि मंजूर एकाच धातूचे, मूळ अर्थ बघितलेलं, नजरेखालून गेलेलं. आपण सभेत बसून मंजूर मंजूर ओरडतो, पण शब्द म्हणतोय की आधी बघा.


तासगावचा बेदाणा

मी जरा वेगळं बोलतो, कुणी राग मानू नका. बाईंचं व्याकरण सगळं बरोबर, पण माझं म्हणणं असं की कन्कर हा शब्द मेलमध्ये वापरूच नये. मी बेदाण्याच्या व्यापारात आहे, बाहेरच्या देशातल्या पार्ट्यांशी रोज लिहिणं असतं, त्यातले निम्मे इंग्लिश मातृभाषा नसलेले, त्यांना कन्कर बघून डिक्शनरी उघडायला लागते. अग्री सगळ्यांना कळतं. वी अग्री, झालं. भाव, माल, तारीख, या गोष्टींत शब्द जितका साधा तितका सौदा सरळ.

पण साध्या शब्दात पण खड्डा आहे हे मी पैसे घालवून शिकलो म्हणून लिहितोय. पाच सहा वर्षांपूर्वी एका पार्टीनं नुसती चौकशी केली होती की सध्या अमुक भाव चाललाय असं आम्हाला वाटतं, तुमचं काय म्हणणं. मला म्हणायचं होतं की हो, बाजार तेवढाच आहे, तुमचा अंदाज बरोबर. मी लिहिलं 'वी अग्री टू युवर प्राइस'. दुसऱ्या दिवशी त्यांची ऑर्डर आली, त्याच भावानं, आणि त्या आठवड्यात सौद्यात भाव चढला. मी फोन करून सांगितलं की मी फक्त भाव बरोबर आहे असं म्हटलं होतं, ते म्हणाले तुमच्या मेलमध्ये तर कबूल केल्याचं आहे. त्यांचं चुकीचं नव्हतं हो. अग्री विथ म्हणजे तुमचं बरोबर आहे, अग्री टू म्हणजे मला कबूल आहे, सौदा पक्का. किलोमागं बारा रुपये कमी घेऊन माल दिला, कारण शब्द गेला होता. रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे तेव्हा बोट धरलं म्हणजे धरलं, तसंच हे 'टू'.

म्हणून वेण्णाकाठ भावा, मोठा शब्द शोधण्यापेक्षा अग्रीच्या पुढं काय लावतो तिकडं बघ. विथ, टू, ऑन. ऑन म्हणजे दोघांनी बसून ठरवलं, वी अग्रीड ऑन द डेट. एवढं आलं की व्यापार होतो.


विश्रामबागची बाई, सांगली

राग कसला, तुमचा अनुभव मी वर्गात सांगितला असता तर मुलं 'टू' आणि 'विथ' कधी विसरली नसती. आणि रोजच्या मेलमध्ये अग्रीच लिहावं हे मलाही पूर्ण पटतं. पण वापरूच नये हे मात्र मी मानणार नाही. या मुलाच्या फॉर्मवर तो शब्द छापलेला आहे, तो त्याने आणलेला नाही. जो शब्द आपल्या सहीच्या वर छापलेला आहे तो माणसाला यायलाच हवा. शब्द मोठा आहे म्हणून खेड्यातल्या, मराठी शाळेतल्या मुलाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं कोणी म्हटलं की मला त्रास होतो, मी आयुष्यभर याच्याच विरोधात शिकवलं. तुमचा हेतू तसा नाही हे कळतं मला.

कुठे शोभतो ते सांगते. समोरच्याने तपासून एक निष्कर्ष काढलाय, तुम्हीही तपासलंय, आणि निष्कर्ष तोच आला, तिथे कन्कर. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरच्या निदानाबद्दल लिहितात, ऑडिटर लिहितात. साहेबांनी उद्या दहाला मीटिंग ठेवली तर आय कन्कर लिहायचं नाही, तिथे ओके किंवा नोटेड पुरतं.


नुसताच_वाचक

एमपीएससी करतोय, दोन गोष्टी ॲड करतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत ना, केंद्र, राज्य आणि समवर्ती, ती समवर्ती म्हणजे कन्करंट लिस्ट. तिथं केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तिकडं गेला. आणि शाळेच्या भूमितीत एकसंपाती रेषा होत्या, त्या पण कन्करंट लाइन्स, त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात. मी हे दोन्ही शब्द पाठ केलेले पण कन्करशी संबंध आहे हे आज बाईंचं वाचून कळलं. प्रत्येक मध्यगा वेगळ्या शिरोबिंदूतून निघते आणि बिंदू एकच, भारी आहे राव हे.


कोर्टरोड

हो, आणि शिक्षा कन्करंटली भोगायची म्हणजे दोन शिक्षा एकाच वेळी चालू, दोन वर्षं आणि तीन वर्षं असतील तर एकूण तीनच. हा अर्थ वेळेचा, मतांचा नाही, पण एकत्र धावणं तेच.


कृष्णामाई

एक राहिलं, उच्चार. फोनवर बोलताना जपा. कन्कर म्हणताना जोर दुसऱ्या भागावर, कन्-कऽर. जोर पहिल्यावर दिला आणि काँकर असं म्हटलं तर तो वेगळाच शब्द होतो, त्याचा अर्थ जिंकणे, स्वारी करून घेणे. माझ्या समोर एका कॉलमध्ये एकीनं तसं म्हटलं होतं, समोरच्यांनी काही दाखवलं नाही पण तिला नंतर कळलं तेव्हा ती फार अस्वस्थ झाली, म्हणून सांगते.

स्पेलिंगमध्ये शेवटी एकच आर, पण ईडी किंवा आयएनजी लागलं की दोन आर. याचा पण जोराशीच संबंध आहे. अकर, रेफर, कन्कर यांच्यात जोर शेवटी म्हणून आर दुप्पट होतो, ऑफरमध्ये जोर पहिल्यावर म्हणून ऑफर्डमध्ये एकच आर. हा नियम कळल्यापासून मला अकर्डचं स्पेलिंग बघायला लागलं नाही.


वेण्णाकाठ, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, बाई तुम्हाला तर नमस्कार. बुधवार झाला म्हणून काय केलं ते सांगतो.

मंगळवारी सकाळी लवकर गेलो, शिफ्ट चालू व्हायच्या आधी. बोअर गेज म्हणजे भोक मोजायचं साधन काढलं, पंचवीसच्या सेटिंग रिंगवर, म्हणजे बरोबर मापाच्या नमुन्याच्या कड्यावर, झीरो केलं, आणि त्या २४० मधले पाच पीस ट्रेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातनं उचलले, वरचेच पाच घेतले नाहीत. प्रत्येक पीस तीन ठिकाणी बघितला, तोंडाला, मध्ये आणि तळाला, आणि प्रत्येक ठिकाणी गेज नव्वद अंश फिरवून परत एकदा. तोंडाला पाचही पीस २५.०२६ ते २५.०३० मध्ये आले, म्हणजे नोटमध्ये लिहिलंय तसंच. मध्ये पण तेच. पण तळाला दोन पीस २५.०३८ दाखवायला लागले. मला वाटलं माझंच चुकतंय, रिंगवर परत झीरो केलं, परत घेतलं, परत ३८. मग लक्षात आलं की नोट ज्यानं केली त्यानं फक्त तोंडाला माप घेतलं असणार. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याला तळाला बघायचं सुचलं नाही एवढंच. पण म्हणजे २५.०३० पर्यंत आहे हे वाक्य खरं नाही.

मी कन्कर्ड बायच्या रकान्यात सही केली नाही. शेजारी लिहिलं, 'आय डू नॉट कन्कर. टू ऑफ फाइव्ह पीसेस मेजर २५.०३८ ॲट द बॉटम.' लिहिताना आधी हात 'आय ॲम नॉट' कडंच चालला होता, थांबलो, मनात 'मी मानत नाही' म्हटलं आणि मग 'डू नॉट' आलं. बाई, ते तुमचं 'मानतो' कामाला आलं.


कोर्टरोड

पाचही पीसची सगळी रीडिंग जोडलीत का नोटला? नुसतं दोन ऑफ फाइव्ह पुरणार नाही. आणि गेजचा कॅलिब्रेशन नंबर, म्हणजे गेज स्वतः बरोबर मोजतं हे तपासल्याची नोंद?


वेण्णाकाठ, सातारा

जोडली सर, मागच्या पानावर तक्ता केला, पाच पीस, तीन जागा, दोन दिशा, तीसच्या तीस रीडिंग. गेजचा नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख पण टाकली. दुपारी साहेबांनी बोलवलं, मला वाटलं आता बोलणार. त्यांनी पान उलटलं, तक्ता बघितला आणि म्हणाले सगळे २४० तळाला तपासायला लाव, आणि टूलिंगवाल्याला बोलव. मेलचा विषय त्यांनी काढला नाही, मी पण काढला नाही.

कस्टमरला मात्र ती जुनी मेल तशीच गेलेली होती ना, म्हणून आज त्याच धाग्यावर एक ओळ पाठवली. 'वी कन्कर विथ युवर सजेशन अँड अग्री टू रिवाइज द ड्रॉइंग बाय फ्रायडे.' ड्रॉइंगवाल्याला शुक्रवार जमेल का ते आधी विचारून घेतलं होतं. बाई, यात काही राहिलं का?


विश्रामबागची बाई, सांगली

काही राहिलं नाही. 'विथ' जागेवर आहे, 'टू' पण जागेवर आहे.


तासगावचा बेदाणा

आणि शुक्रवार लिहिलायस भावा, आता ड्रॉइंग शुक्रवारी गेलंच पाहिजे.